तव्यावरची वाफ

वाफेवर चालणाऱ्या आरंभीच्या मोटारींचा इतिहास बहुधा वेगाच्या आकड्यांतून सांगितला जातो. वास्तविक त्यांचे भवितव्य बॉयलरमध्ये एका वेळी किती पाणी असावे, या प्रश्नावर अवलंबून होते. निकोला-जोझेफ क्यूनो या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७६९ नंतर तोफा ओढण्यासाठी जे तीनचाकी वाहन सिद्ध केले, त्याचा अवजड बॉयलर पुढच्या एकुलत्या चाकाच्याही पुढे लोंबत असे आणि तरीही वाफ पुरत नसल्याने वाहन थोड्या थोड्या वेळाने थांबवावे लागे.

बॉयलर फुटतो तेव्हा संहार साठलेल्या वाफेपेक्षा साठलेले पाणी अधिक करते. वातावरणाच्या चाळीसपट दाबाखाली पाणी सुमारे २५० अंश सेल्सियसला उकळते. कवच फाटून दाब एकाएकी उतरला, तर त्यातील जवळजवळ तीन दशांश पाण्याची तत्क्षणी वाफ होते आणि तिला पाण्याच्या सुमारे सोळाशेपट जागा लागते.

फ्रान्सिस व फ्रीलन स्टॅन्ली या अमेरिकन जुळ्या भावांनी, ज्यांची पहिली मोटार १८९७ साली धावली, हा साठा कायम ठेवून त्याला आवळून धरले. त्यांचा बॉयलर म्हणजे आपल्याकडील न्हाणीघरातील तांब्याचा बंबच, फरक एवढाच की बंबात मधोमध धुराची एक नळी असते, येथे शेकडो असत. आणि कवचावर पियानोच्या पोलादी तारेचे घट्ट वेढे दिलेले असत. पाणी आटले की कवचाआधी नळ्यांचे सांधे गळू लागत. मात्र थंड बॉयलरमधून वाफ मिळेपर्यंत चालकाला बराच वेळ तिष्ठावे लागे.

या साठ्यालाच फाटा देण्याचे श्रेय लेओं सेर्पोले (१८५८–१९०७) या फ्रेंच संशोधकाचे आहे, आणि मोटारींच्या लोकप्रिय इतिहासांत त्याला मिळालेली जागा त्या मानाने फारच तोकडी आहे. तापलेल्या तव्यावर पाण्याचा शिपका मारताच जे घडते, तेच त्याने नळीच्या आत घडवले: जाड पोलादी नळी चपटी करून आत केसासारखी अरुंद फट ठेवावयाची, ती बाहेरून तापवावयाची आणि पंपाने लागेल तेवढेच पाणी तीत सोडावयाचे. अशा यंत्राला फ्लॅश बॉयलर म्हणतात. त्यात कोणत्याही क्षणी फुटण्याजोगे पाणी नसतेच, म्हणून जाड कवचाचीही गरज उरत नाही. गाडीचा जोर पंपाच्या फटक्यांवर ठरतो, म्हणजे बॉयलर एका परीने चालकाच्या हातात येतो. १३ एप्रिल १९०२ रोजी नीस येथे सेर्पोलेच्या अंडाकृती मोटारीने ताशी १२०.८ किलोमीटरचा वेग गाठून विजेच्या मोटारींकडे असलेला जागतिक विक्रम हिरावून घेतला.

चार वर्षांनी फ्लोरिडाच्या वाळूवर फ्रेड मॅरियट याने स्टॅन्ली मोटार ताशी २०५ किलोमीटरने पळवली आणि सेर्पोलेचे नाव मागे पडले. पुढे १९१२ साली कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर बसवल्यावर हँडल मारण्याचा त्रास संपून पेट्रोलची मोटार सोयीची ठरली, तेव्हा वाफेचे दोन्ही पंथ हळूहळू ओसरले. वाफेच्या मोटारींचा मॅरियटचा अधिकृत विक्रम मात्र २००९ पर्यंत अबाधित राहिला, आणि तो मोडणाऱ्या ब्रिटिश मोटारीत पाण्याचा मोठा साठा नव्हता. तिच्या बारा बॉयलरांत मिळून जवळजवळ तीन किलोमीटर लांबीची नळी होती.