खाडीतली होडी आणि पाऊणकीचा पाढा

नागावला शाळांच्या सहली पुष्कळ येतात. अलिबागच्या दक्षिणेला आठ-नऊ किलोमीटरवरचे हे गाव: मागे नारळ-पोफळीच्या वाड्या, पुढे सुरूची झाडे आणि त्यापलीकडे लांबलचक, सपाट पुळण. गेल्या हिवाळ्यात तिथे भेटलेल्या एका शिक्षकांनी आम्हाला विचारले, “अकरावीची दहा-बारा मुले आहेत. त्यांना कॅनूतून खाडीत न्यायचे आहे. सामान काय काय घ्यावे?” आम्ही उलट विचारले, “तारीख कोणती?” ते म्हणाले, “चौथा शनिवार.” “आणि तिथी?” यावर ते हसले. आम्ही मुहूर्त पाहणाऱ्यांपैकी आहोत असे त्यांना वाटले असावे.

मुहूर्ताशी आमचे काही देणेघेणे नाही. पण खाडीतल्या सहलीची आखणी सामानाच्या यादीपासून सुरू होत नाही, ती पाण्याच्या वेळापत्रकापासून सुरू होते. आणि हे वेळापत्रक आपल्याकडच्या प्रत्येक भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथीच्या रूपाने छापलेले असते.

कॅनू म्हणजे वल्ह्यांनी चालवायची लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, उघडी होडी. कॅनडातील आदिवासी भूर्जाच्या सालीपासून अशा होड्या बनवत आणि नद्या-सरोवरांतून शेकडो मैल जात. आजही तिकडचे हौशी लोक अरण्यातून आठ-आठ दिवस कॅनूने हिंडतात. त्यांच्या आखणीत नकाशा, धबधबे आणि होडी खांद्यावर घेऊन चालायच्या वाटा यांना महत्त्व असते. त्यांची नदी एकाच दिशेने वाहते. आपली खाडी मात्र दिवसातून चार वेळा दिशा बदलते. म्हणून तिकडची पुस्तके वाचून इकडे होडी लोटणे धोक्याचे.

नागावच्या पुळणीवरून कॅनू थेट समुद्रात घालू नये, हे आधीच सांगून टाकतो. उघड्या किनाऱ्यावर लाटा फुटतात आणि फुटणारी लाट उथळ होडीला आडवी करून उलटवते. जवळची योग्य जागा म्हणजे रेवदंड्याची खाडी. भिऱ्याकडून येणारी कुंडलिका कोलाड, रोहा करीत इथे समुद्राला मिळते. मुखाच्या एका बाजूला रेवदंडा, दुसऱ्या बाजूला कोर्लईचा किल्ला. साळावच्या पुलापासून आत गेले की लाटा संपतात आणि दोन्ही काठांना तिवरांची दाटी सुरू होते. नागावला मुक्काम करून सकाळी चौलमार्गे रेवदंड्याला जाता येते.

पाऊणपट

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता. दिवसाही आणि रात्रीही. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, फरक पडत नाही. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

यात गूढ काही नाही. पौर्णिमेला आणि अमावास्येला मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती बाराच्या आसपास येते. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, भरतीही तितकीच मागे सरकते. १५ तिथींत ती १२ तास सरकून पुन्हा बारावर येते. १२ तासांना १५ ने भागले तर ४८ मिनिटे येतात, ४५ नव्हे. म्हणजे खरा गुणक पाऊण नसून ०.८ आहे. पण ज्या काळात शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असत, त्या काळात पाऊण हाच सोयीचा. चूक साठत जाते आणि पौर्णिमेला बाराऐवजी सव्वाअकरा असे उत्तर येते. द्वादशीला नऊऐवजी ९ वाजून ३६ मिनिटे. भरती रोज सारख्याच अंतराने सरकत नाही, त्यामुळे दोन्ही उत्तरे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतात. विद्यार्थ्यांना दोन्ही गुणकांनी महिनाभराच्या वेळा काढायला लावाव्यात आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या छापील भरती-कोष्टकाशी ताडून पाहाव्यात. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीच्या नोंदी होत आहेत, तेव्हा मुंबईचे आकडे भरवशाचे. प्रत्यक्ष निघण्यापूर्वी हे कोष्टकच वापरायचे. पाऊणपट ही मनातल्या मनात पडताळा घेण्यासाठी.

वेळेइतकीच पाण्याची उंची महत्त्वाची. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती, अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांगाची. उधाणाला पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते. भांगाला त्याच्या निम्म्याहूनही कमी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. अष्टमीला भर दुपारी ओहोटी असते खरी, पण पाणी म्हणावे तितके हटत नाही.

आणि पाणी एकसारख्या वेगाने चढत-उतरत नाही. एकूण चढ ३.६ मीटर आहे असे धरू. त्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग म्हणजे ३० सेंटीमीटर, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन भाग म्हणजे ९० सेंटीमीटर, मग पुन्हा दोन आणि एक. मधल्या दोन तासांत निम्मे पाणी ये-जा करते. प्रवाहाचा जोरही तेव्हाच सर्वात जास्त.

सात तास चिखलात

हे सगळे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही काही वर्षांपूर्वी आम्ही सहा जण, सगळे प्रौढ, एका पंचमीला अडकलो. भरती ३ वाजून ५० मिनिटांनी होती. दुपारी एकला निघालो, भरतीच्या पाण्याबरोबर आरामात आत गेलो आणि तिवरांतल्या एका अरुंद फाट्यात शिरलो. तिथे खंड्या आणि बगळे पाहण्यात वेळ गेला. ओहोटी लागल्याचे दिसत होते, पण पहिल्या तासाभरात पाणी इतके थोडे उतरले की घाई वाटली नाही. पुढच्या तासात ते डोळ्यांदेखत खाली गेले. साडेसहाला दोन्ही होड्या चिखलावर टेकल्या.

आमच्यातला एक जण होडी ढकलायला उतरला आणि मांडीपर्यंत रुतला. साठ किलोचा भार दोन तळव्यांच्या जेमतेम चारशे चौरस सेंटीमीटरांवर. खाडीच्या गाळाला तो पेलत नाही. पाय वर ओढावा तर खाली पोकळी होऊन तो अधिकच घट्ट धरला जातो. वल्ही आडवी टाकून, त्यांवर छाती टेकवून, एकेक पाय हळूहळू सोडवावा लागला. त्यात अर्धा तास गेला. नंतर कोणी उतरले नाही.

सुटका कधी होणार याचे गणित तिथेच बसून केले. पुढची भरती पहाटे सव्वाचारला. भरतीनंतर २ तास ४० मिनिटांनी होडी टेकली, म्हणजे पुढच्या भरतीच्या तितकाच वेळ आधी ती उचलली जाणार. रात्रीचा दीड! दिवसातल्या दोन भरत्यांची उंची सारखी नसते, त्यामुळे तेही नक्की नव्हते. सहा माणसांत पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या, एक विजेरी, अंगावर पातळ कपडे आणि तिवरातले डास. फोनची बॅटरी पक्ष्यांच्या फोटोंत संपलेली. मुक्कामाच्या घरी आम्ही “संध्याकाळपर्यंत येऊ, उशीर झाला तर काळजी नको” असे सांगून निघालो होतो. त्यामुळे कोणी काळजी केली नाही. आमच्याबरोबर त्या दिवशी मुले असती तर, हा विचार अजूनही सुखाचा वाटत नाही.

वेळेची खिडकी

तेव्हापासून आम्ही एकच पद्धत पाळतो. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आत जायला, नंतरचे दोन तास परतायला. या वेळात चिखल आणि कालवांचे धारदार कपचे पाण्याखाली खोल असतात. भरतीचा शेवट आणि ओहोटीचा आरंभ असल्याने प्रवाह मवाळ असतो. आणि तो दोन्ही वेळा आपल्याच बाजूने असतो. खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोचते, हेही लक्षात ठेवायचे.

प्रवाह बाजूने असण्याला किती मोल आहे? नवशिके वल्हेकरी स्थिर पाण्यात ताशी ४ किलोमीटर जातात असे धरू आणि प्रवाह ताशी २ किलोमीटर. सहा किलोमीटर जाऊन परत यायचे आहे. स्थिर पाण्यात ३ तास. प्रवाह जाताना बाजूने आणि येताना विरुद्ध असेल तर १ अधिक ३, असे ४ तास. “जाताना मिळाले ते येताना गेले, म्हणजे फिटंफाट” असे बहुतेक विद्यार्थी आधी म्हणतात. त्यांना हे करून पाहू द्यावे. दोन्ही वेळा प्रवाह बाजूने असेल तर सारे २ तासांत.

आता वारा. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारे वाहतात, ते मंद असतात. उन्हे तापली की समुद्राकडून खारे वारे सुरू होतात आणि दुपारी जोर धरतात. दुपारच्या ओहोटीत परत यायचे ठरवले तर प्रवाह पश्चिमेला, वारा पश्चिमेकडून. पाणी आणि वारा समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. होडी भरते ती अशा पाण्यात. म्हणून बाराच्या आत किनाऱ्याला लागलेले बरे.

या सगळ्या अटी जुळवल्या तर तिथी आपोआप ठरते. भरती सकाळी नऊ ते साडेनऊला हवी, म्हणजे द्वादशीच्या आसपासचा दिवस. सातच्या सुमारास, सूर्य वर आल्यावर निघायचे, साडेनऊला थांबून न्याहारी, दहाला परत फिरायचे. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चौथ्या शनिवारी द्वादशी नसेल तर शनिवार बदलावा, खाडी बदलत नाही. त्या शिक्षकांचा चौथा शनिवार पाहिला तर अष्टमी निघाली: सकाळभर ओहोटी. त्यांनी सहल दोन आठवडे पुढे नेली नाही, होडीचा बेतच त्या वेळेपुरता रद्द केला. आम्हाला तो निर्णय आवडला.

होडी किती बुडते

सामानाचा विचार आता करता येईल. पाच मीटर लांब आणि मध्यभागी ८० सेंटीमीटर रुंद कॅनूचे पाण्याच्या पातळीवरचे क्षेत्रफळ, टोके निमुळती असल्याने, सुमारे अडीच चौरस मीटर भरते. ती १ सेंटीमीटर खाली गेली की २५ लिटर पाणी बाजूला सारते. म्हणजे आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार दर २५ किलोला एक सेंटीमीटर. तीन माणसे १८० किलो आणि सामान ४५ किलो, तर होडी ९ सेंटीमीटर खाली जाईल. चौथा माणूस घेतला तर आणखी जेमतेम अडीच सेंटीमीटर. आकडा क्षुल्लक दिसतो. पण होडी १० अंशांनी कलली की एक काठ सुमारे ७ सेंटीमीटर खाली येतो, त्यात वीतभर लाट आली की मोकळा काठ उरतच नाही. शिवाय आत शिरलेले पाणी कललेल्या बाजूला धावते आणि कल वाढवते. म्हणून पाणी उपसायचा डबा दोरीने बांधून हाताशी ठेवायचा. जड सामान तळाशी, मधोमध आणि बांधलेले. होडीत उभे राहायचे नाही. गुरुत्वमध्य वर गेला की काय होते ते वर्गात कागदी होडी आणि खडूचा तुकडा घेऊन दाखवता येईल.

जीवरक्षक जाकीट प्रत्येकाच्या अंगावर, पट्टे आवळून. होडीत ठेवलेले जाकीट काही कामाचे नाही. त्यावर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. माणसाचे शरीर पाण्यात जवळजवळ तरंगते. प्रश्न डोके बाहेर ठेवण्याचा असतो आणि डोक्याचे वजन ४ ते ५ किलो. म्हणून पोहता येणाऱ्याला शांत पाण्यात ५० न्यूटनचे, म्हणजे सुमारे ५ किलो उचलणारे जाकीट पुरते. ज्यांना पोहता येत नाही त्यांना १०० न्यूटन किंवा अधिक. आधी कमरेइतक्या शांत पाण्यात, पोहणारी माणसे बाजूला उभी करून, होडी मुद्दाम उलटवून पाहावी. उलटलेली होडी धरून राहायचे, किनारा कितीही जवळ दिसला तरी तिला सोडायचे नाही, हे मुलांच्या अंगवळणी तिथेच पडते.

पिण्याचे पाणी माणशी ३ लिटर, त्यातले १ लिटर राखीव. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडे इतकी खारट लघवी तयार करू शकत नाहीत, त्यामुळे ते पाणी प्यायल्यास शरीरातलेच पाणी खर्ची पडते. पायात बांधलेले बूट, कारण कालवांनी चपलेसकट पाय कापतो. टोपी, शिटी, सुरी, दोरी, विजेरी, एक जादा वल्हे, जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत कोरडे कपडे आणि पूर्ण चार्ज केलेला फोन. बरोबर खाडी जाणणारा स्थानिक नाखवा आणि त्याची होडी हवीच. साळावच्या जेट्टीकडे मालवाहू बार्ज येतात, त्यांची वाट कोणती हे तोच सांगू शकतो. बंदर खात्याच्या स्थानिक कार्यालयात आधी कळवावे. आदल्या दिवशी हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्राचा, म्हणजे ‘इन्कॉइस’चा लाटांचा अंदाज पाहावा.

आदल्या संध्याकाळी नागावच्या पुळणीवर मुलांना एक काम द्यावे. द्वादशीला रात्रीची भरतीही नऊच्या सुमारासच येते. सात वाजल्यापासून दर पंधरा मिनिटांनी पाणी जिथवर पोचते, त्याच्या कडेला, कोरड्या बाजूला, एकेक काठी रोवायची. काठ्यांमधली अंतरे आधी मोठी, मग लहान होत जातात. पाणी थांबते ती वेळ लिहून घ्यायची. मोठ्यांपैकी एकाने विजेरी घेऊन सोबत उभे राहावे आणि कोणालाही घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नये. कोष्टकातल्या वेळेत आणि या वेळेत अर्ध्या तासाहून अधिक फरक पडला तर आपण चुकीची तारीख किंवा चुकीचे बंदर पाहिले आहे असे समजून हिशेब पुन्हा करावा.

मग मुक्कामाच्या घरी एक कागद द्यायचा. त्यावर होड्या किती, माणसे किती, कुठून निघणार, कुठवर जाणार, नाखव्याचा फोन आणि परतायची वेळ: १२. त्याखाली ठळक अक्षरांत: “दीडपर्यंत आमचा फोन आला नाही, तर ११२ आणि तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकांवर कळवा.” घरमालकांकडून तो कागद मोठ्याने वाचून घ्यायचा. पोचल्याचा फोन करायला मात्र एका मुलाला नेमून द्यावे, कारण किनाऱ्याला लागल्यावर मोठी माणसे हमखास चहाकडे वळतात.