मार्का आपला, तर मालकीही आपलीच हवी



खत घ्यायला दुकानात गेलेला शेतकरी पोत्यातलं खत बघत नाही. बघूनही त्यातलं किती खरं, किती खोटं हे त्याला कळणार नाही. तो पोत्यावरचं नाव बघतो, चित्र बघतो, पट्ट्याचा रंग बघतो आणि पैसे मोजतो. बियाणं, औषध, पंपाचा पट्टा, घरातला चहा, सगळीकडं हेच. ज्या खुणेवर आपण असा विश्वास टाकतो तिला कायद्यात व्यापारचिन्ह म्हणजे ट्रेडमार्क म्हणतात. आपण तिला मार्का किंवा छाप म्हणतो.

मार्का म्हणजे माल चांगला असल्याची सरकारी हमी नव्हे. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' असाही प्रकार असतोच. मार्का एवढंच सांगतो, की हा माल अमक्याचा आहे, वाईट निघाला तर त्याला धरा. म्हणून तर नकल करणारा पोत्यातला माल सुधारत बसत नाही, तो नाव उचलतो. एखादं अक्षर बदलतो, रंग तोच ठेवतो. पीक गेल्यावर मग आपल्याला कळतं. यात दोघं बुडतात. एक शेतकरी, आणि दुसरा तो कारखानदार, ज्यानं वर्षानुवर्षं खपून ते नाव कमावलं.

आपला यात काय संबंध?

साखरेचा धंदा बरीच वर्षं असा होता, की कारखान्याला नावाची फारशी गरजच पडली नाही. २०१३ पर्यंत साखरेचा ठराविक हिस्सा लेव्ही म्हणून ठरलेल्या भावानं सरकारला द्यावा लागे. बाकीची टेंडरनं व्यापाऱ्याला जाई. आजही पोत्यावर कारखान्याचं नाव असतं खरं, पण किराणा दुकानदार पोतं फोडून सुटी साखर विकू लागला, की ते नाव तिथंच संपतं. माकणीच्या धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या उसाची साखर कोणत्या गावात, कुणाच्या चहात गेली, हे ना आपल्याला ठाऊक, ना पिणाऱ्याला.

एक किंवा पाच किलोच्या पाकिटातली साखर, गूळ पावडर, कंपोस्ट खत, जिवाणू खत असा माल मात्र नावावरच विकतो. तो गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत जातो, आणि पसंत पडला तर गिऱ्हाईक पुन्हा तेच नाव मागतं. गुजरातेत खेडा जिल्ह्याच्या दूध उत्पादकांनी १९४६ साली संघ काढला, आणि पुढं 'अमूल' हे नाव देशभर पोचवलं. आज त्या नावाची किंमत डेअरीच्या यंत्रांपेक्षा कमी धरता येणार नाही. ते नाव दूध घालणाऱ्यांच्या संस्थांचं आहे, ही त्यातली मुख्य गोष्ट.

नोंदणी कशी होते?

आपल्या देशात सध्या व्यापारचिन्ह कायदा १९९९ लागू आहे. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. नोंदणीचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. मालाचे व सेवांचे मिळून ४५ वर्ग केलेले आहेत. साखर ३० व्या वर्गात येते, तर खत पहिल्या वर्गात. म्हणजे साखरेसाठी नोंदवलेलं नाव खतालाही आपोआप लागू होईल असं धरून चालू नये, त्या वर्गात वेगळी नोंद करावी. अर्ज तपासून झाला की तो जर्नलमध्ये छापतात. त्यानंतर चार महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतो. नोंदणी दहा वर्षांची असते, आणि दर दहा वर्षांनी फी भरून ती पुढं चालवता येते.

'गोड साखर' किंवा 'शुद्ध गूळ' असे नुसते वर्णनाचे शब्द सहसा नोंदले जात नाहीत. ते सगळ्यांचेच आहेत, एकाला कसे देणार? नोंदवलेलं नाव सलग पाच वर्षांहून जास्त वापरलं नाही, तर ते काढून टाकण्याची मागणी दुसरा करू शकतो. पडीक रानासारखंच आहे हे, कसलं नाही तर दुसरा नांगर घालायला बघतो. बिननोंदणीच्या जुन्या नावालाही कोर्टात दाद मिळते, पण मग नाव आपण केव्हापासून वापरतो आणि लोकांत ते किती रुजलं, हे पुराव्यानं शाबीत करावं लागतं. नोंदणी असली की हे ओझं पुष्कळ हलकं होतं. खोटा मार्का लावून माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा कायद्यात आहे.

गावाच्या नावाचं काय?

एखादं नाव एका कारखान्याचं नसून सगळ्या मुलखाचं असतं. त्याला भौगोलिक मानांकन मिळतं. आपल्याच जिल्ह्यातला कुंथलगिरीचा खवा आणि तुळजापूरची कवड्यांची माळ यांना ते २०२४ साली मिळालं. पण कागद मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. देवगडच्या हापूसचंच बघा. दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावानं खपू लागला, तेव्हा तिथल्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर लावायची योजना आणली. बागायतदाराच्या झाडांचा हिशेब करून स्टिकर दिले, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त माल त्या नावानं जाऊ नये.

कोल्हापुरी चपलेची गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं तशाच चपला मिलानच्या प्रदर्शनात मांडल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, पण जुलैमध्ये ती फेटाळली गेली. ज्यांच्या नावे मानांकनाची नोंद आहे, दाद त्यांनी मागायला हवी, असा त्याचा मथितार्थ. नावाचा धनी कोण हे कागदावर ठरलेलं असतं, आणि लढायचंही त्यालाच असतं.

सभासदांनी काय विचारावं?

वार्षिक सभेत ऊसदर विचारतो, तसे हेही प्रश्न विचारायला हवेत. कारखान्याचं नाव, चित्र आणि पाकिटावरचा मार्का नोंदलेला आहे का? कोणकोणत्या वर्गात? नूतनीकरण कधी आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, नोंद संस्थेच्या नावे आहे, की पाकीट भरून देणाऱ्या ठेकेदाराच्या किंवा आणखी कुणाच्या खाजगी नावे?

राज्यातले अनेक सहकारी कारखाने भाडेतत्त्वावर गेले आहेत. असा करार होताना यंत्रं, जमीन, गोदाम यांची यादी होते. मार्का हीसुद्धा मालमत्ता आहे. ती विकता येते, वापरायला भाड्यानं देता येते. म्हणून तिचाही त्या यादीत उल्लेख हवा. वापरायला किती वर्षं दिला, मोबदला काय, मुदत संपल्यावर परत कसा येणार, हे लिहून घ्यायला हवं. नाहीतर कारखाना परत मिळेल, आणि बाजारातलं नाव दुसऱ्याकडंच राहील.

आणि आपल्या घरापुरतं एवढं करा. खत-औषध घेताना नाव अक्षर न् अक्षर वाचा, पक्की पावती घ्या, पीक हाती येईपर्यंत रिकामी पिशवी टाकू नका. संशय आला तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या. त्या तक्रारीला पावती आणि पिशवी हाच मुख्य आधार असतो.