वडिलांचे कार्ड आणि व्याजाचा भोवरा

ज्या पिढीने वाण्याची उधारीही पहिल्या तारखेस चुकती केली, ती क्रेडिट कार्डाच्या व्याजात अडकते ती उधळेपणाने नव्हे. बिलावरील 'किमान रक्कम' भरली की देणे फिटले, असे तिला प्रामाणिकपणे वाटते.

हिशेबच पाहा ना! बाकी ५०,००० रुपये. दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज १,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. किमान पाच टक्के म्हणून २,५०० भरले, तर मुदलातून फिटतात अवघे ४३५! शिवाय बाकी असेतो नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली घातलेली वार्षिक ३० टक्क्यांची मर्यादाही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

तेव्हा मुलांनी वडिलांशेजारी बसून सारी बिले मांडावीत. जाब विचारू नये. कार्डावरची खरेदी थांबवावी. मुदतठेव असेल तर तिच्या तारणावर कर्ज काढून कार्ड फेडावे. त्याचा दर ठेवीच्या व्याजाहून सहसा एक-दोन टक्केच अधिक असतो. ठेव नसेल तर बँकेकडून हप्ते बांधून घ्यावेत.

आणि हे सारे घरातल्या घरात ठेवावे. पैशाची तूट भरून निघते. चारचौघांत काढलेले वडिलांचे उणे मात्र भरून निघत नाही.