भातखाचरातील यंत्र : मालकीचे की भाड्याचे?

चिपळूण तालुक्यातील सावर्डे हे मुंबई-गोवा महामार्गावरचे आणि कोकण रेल्वेच्या वाटेवरचे गाव. भोवतालच्या वाड्यांतील माणसांचे बाजारहाटीसाठी आणि शाळा-महाविद्यालयांसाठी येथे नित्य येणे-जाणे असते. या वाड्यांतील पुष्कळ सातबारा उताऱ्यांवर ज्यांची नावे आहेत, ती माणसे मात्र स्वतः औतामागे चालत नाहीत. कोणी शिक्षक आहे, कोणी कचेरीत कारकून आहे, कोणी मुंबईत चाकरीला आहे. मे महिन्याच्या सुटीत ही मंडळी घरी जमली की ओटीवर एक विषय हटकून निघतो. गोठ्यातील बैल गेले, नांगर धरणारा माणूस मिळेनासा झाला; तेव्हा यंत्र विकत घ्यावे की भाड्याने आणावे? घरात कोणाच्या तरी निवृत्तीची रक्कम नुकतीच आलेली असली, तर हा प्रश्न केवळ चर्चेचा राहत नाही. आयुष्याच्या कमाईतील मोठा भाग एका लोखंडी वस्तूत घालायचा की नाही, याचा तो निर्णय असतो.

निर्णयाचा आरंभ यंत्रापासून नव्हे, जमिनीपासून व्हावयास हवा. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतातील शेतकऱ्याची सरासरी धारणा १.०८ हेक्टर आणि महाराष्ट्रातील १.३४ हेक्टर होती. कोकणात आकड्यांहूनही वाटण्यांची अडचण मोठी आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा. पण कागदावर एक असलेली जमीनसुद्धा भावाभावांत खाचराखाचरांनी वाटली गेली. दोन एकरांचा धनी म्हणजे चार ठिकाणच्या दहा-पंधरा खाचरांचा धनी. प्रत्येक खाचर वेगळ्या पातळीवर, मध्ये बांध, आणि जाण्यास वाट दुसऱ्याच्या शेतातून. चार चाकांचा मोठा ट्रॅक्टर अशा ठिकाणी उतरवणेच कठीण. उतरला तरी कोपरे नांगरायचे राहतात आणि बांध मात्र ढासळतात. आंबा-काजूच्या बागांचे म्हणाल, तर जांभ्याच्या कातळावर आणि उतारावर ट्रॅक्टरला करण्यासारखे काम थोडे. तेथे गवत कापण्याचे हाती यंत्र अधिक उपयोगी पडते.

‘कोकणचा कॅलिफोर्निया’ करण्याच्या घोषणा महाराष्ट्राने वर्षानुवर्षे ऐकल्या. यंत्राच्या बाबतीत तरी कोकणाला कॅलिफोर्नियापेक्षा जपान जवळचा आहे. जमीनसुधारणेनंतर तेथील भातशेती लहान धारणांतच राहिली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत मागून चालत हाकण्याचा दोनचाकी पॉवर टिलर तेथे घरोघर पोचला. तेच यंत्र आज कोकणातल्या चिखलातही चालते. म्हणून सावर्ड्याच्या परिसरात नांगरट आणि चिखलणीपुरता खरा प्रश्न पॉवर टिलरचा आहे.

हिशेब काय सांगतो?

सोयीसाठी ठोकळ आकडे धरू. यंत्राची किंमत दोन लाख रुपये, आयुष्य दहा वर्षे आणि शेवटी मोडीचे वीस हजार. दर वर्षीचा घसारा अठरा हजार झाला. सरासरी गुंतवणूक एक लाख दहा हजार. तिच्यावर दहा टक्क्यांनी व्याज अकरा हजार. रक्कम स्वतःची असली तरी हे व्याज धरलेच पाहिजे, कारण बँकेत ठेवली असती तर तिने काहीतरी मिळवून दिलेच असते. दुरुस्ती आणि निवाऱ्याचे सहा हजार. म्हणजे यंत्र चालो वा न चालो, वर्षाला पस्तीस हजार रुपये खर्च ठरलेला.

आता चालवण्याचा हिशेब. भाड्याचा दर माणूस आणि डिझेल धरून तासाला पाचशे रुपये धरला आणि स्वतःचे यंत्र चालवण्यास तासाला अडीचशे लागले, तर मालकाची बचत तासाला अडीचशे होते. पस्तीस हजार भरून निघण्यास यंत्र वर्षाला एकशेचाळीस तास चालले पाहिजे. नांगरट आणि चिखलणी मिळून एकराला आठ तास धरले, तर हे काम साडेसतरा एकरांचे झाले. दोन एकरांच्या धन्याचे यंत्र सोळा तासच चालेल. तेवढ्या कामाला भाडे आठ हजार पडते. मालकीचा खर्च एकोणचाळीस हजार!

अनुदानाने चित्र बदलते, पण उलटत नाही. केंद्राच्या २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाने, ठरलेल्या मर्यादेत, चाळीस ते पन्नास टक्के अनुदानाची सोय केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेतीच्या अनेक यंत्रांवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. उदारपणे निम्मी किंमत सुटली असे मानले, तरी वर्षाचा ठरलेला खर्च साडेवीस हजारांच्या घरात राहतो आणि तो भरून काढण्यास सुमारे दहा एकरांचे काम लागते. स्वस्त मिळालेली वस्तू परवडतेच असे नाही. अनुदान खरेदीच्या दिवशी एकदाच मिळते, ठरलेला खर्च दर वर्षी येतो.

पाऊस कोणासाठी थांबत नाही

तेव्हा भाड्यानेच आणावे, असा निकाल कागदावर लागतो. पण कागदावर पाऊस पडत नाही. रोहिणीत धूळवाफेवर पेरणी होते, मृगाचा पाऊस येतो, रोपे तीन-साडेतीन आठवड्यांची झाली की आर्द्रा-पुनर्वसूत लावणीची घाई उडते. त्या दोन-तीन आठवड्यांत प्रत्येकाला यंत्र आजच हवे असते. भाड्याने देणारा आधी आपले शेत उरकणार, मग मोठ्या सलग तुकड्याकडे जाणार. दूरच्या वाडीतील चार गुंठ्यांच्या खाचराला शेवटची पाळी. तोवर रोप जून होते, फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. मुंबईहून चार दिवसांची रजा काढून आलेला माणूस यंत्राची वाट पाहून परत जातो, आणि पुढल्या वर्षी ते शेत पड राहते. एकदा पड राहिलेल्या खाचराचे बांध फुटतात, झुडपे वाढतात, वरच्या शेताचे पाणी खालच्याला मिळत नाही. म्हणून यंत्र घेण्याची ओढ हा निव्वळ हौसेचा भाग नाही. माणूस पैसे मोजतो ते यंत्रापेक्षा वेळेसाठी. हिशेबाच्या वहीत या वेळेची किंमत लिहिली जात नाही, आणि म्हणूनच पुष्कळ कुटुंबे तोट्याचा व्यवहार जाणूनबुजून करतात.

मात्र याच आकड्यांत एक वाटही आहे. दिवसाला आठ तास चालणारे यंत्र रोज एक एकर उरकते. साडेसतरा एकर म्हणजे साडेसतरा दिवस. हंगामात ते बसतात. दोन-दोन एकरांच्या आठ-नऊ घरांचे मिळून एक यंत्र असले, तर खर्चही निघतो आणि वेळही साधते. बैलजोडी आणि माणूसबळ एकमेकांना देण्याची सावड महाराष्ट्रातील खेड्यांना नवी नाही. परदेशांतही हे घडले. सामायिक यंत्रांच्या सहकारी संस्थांना फ्रान्समध्ये १९४५ पासून कायद्याचा आधार मिळाला. बव्हेरियात एरिख गायर्सबर्गर यांनी १९५८ साली शेतकऱ्यांचे पहिले यंत्रमंडळ उभे केले, ज्यात यंत्र एकाचे आणि उपयोग अनेकांचा.

सामायिक वस्तूचे दुखणे सर्वांना ठाऊक आहे: सर्वांची ती कोणाचीच नाही. त्यावर उपाय उपदेशाने होत नाही, व्यवस्थेने होतो. यंत्र चालवणारा माणूस एकच असावा आणि त्याला तासावर मोबदला मिळावा. सभासदानेही तासाचे पैसे मोजावेत आणि त्यातील ठरावीक भाग दुरुस्तीसाठी बाजूला पडावा. पाळी धन्यांच्या नावाने न लावता खाचरांच्या ओळीने लावावी, म्हणजे यंत्र या कोंडातून त्या कोंडात नेण्यात दिवस जाणार नाहीत. आरंभ कोणत्या टोकाने करायचा हे चिठ्ठीने ठरावे आणि पुढल्या वर्षी क्रम उलटा व्हावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही पाळी नांगरटीच्या दिवशी नव्हे, पेरणीच्या दिवशी ठरली पाहिजे. हळवे, निमगरवे आणि गरवे अशा भातजातींची निवड करून रोपवाटिका चार-सहा दिवसांच्या अंतराने पेरल्या, तर रोपे एकामागून एक लावणीला येतील आणि यंत्रावर एकाच दिवशी सर्वांची धाड पडणार नाही. हा आराखडा कोणी आखावा? सावर्ड्याजवळ खरवते-दहिवलीला कृषी महाविद्यालय आहे, दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. हिशेबाची वही ठेवू शकणारे शिक्षक आणि कारकून तर प्रत्येक वाडीत आहेत. त्यांपैकी अनेकजण स्वतःच त्या जमिनीचे वाटेकरी आहेत.

अशी आठ घरे जुळत नसतील, तर एकट्याने यंत्र घेण्यापेक्षा भाड्याची बोलणी मे महिन्यातच करून, विसार देऊन तारीख पक्की करणे शहाणपणाचे. दहा एकरांहून अधिक सलग भात असणाऱ्याने, किंवा शेजाऱ्यांची कामे घेण्याची तयारी आणि घरात यंत्र चालवणारे माणूस असणाऱ्याने मात्र खुशाल खरेदी करावी. बाकीच्यांनी निवृत्तीची रक्कम दुकानात नेण्याआधी शेजारच्या चार ओट्यांवर जाऊन बसावे. सुटीला आलेली मंडळी परत जाण्यापूर्वी आणि रोहिणीची पेरणी होण्यापूर्वी ती बैठक झाली, तर यंदाच्या लावणीत खाचर पड राहणार नाही.