आधी पडताळणी, मग भांडवल

आळेफाटा हे पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर या दोन महामार्गांच्या छेदावरील गाव. कांदा, टोमॅटो आणि दूध यांच्या जोरावर या परिसरात मोठी उलाढाल उभी राहिली. ज्यांच्या आईवडिलांनी मोलमजुरी केली अशा घरांतील मुले आज पदवीधर होऊन स्वतःच्या उद्योगाचा विचार करीत आहेत, ही समाधानाची बाब आहे. मात्र आपल्या बहुसंख्य कुटुंबांकडे वडिलोपार्जित भांडवल नाही. ज्याच्या घरी दहा एकर बागायत आहे, तो एक उद्योग बुडाला तरी दुसरा उभारू शकतो. आपल्या मुलाचा पहिलाच उद्योग बुडाला, तर त्याबरोबर आईचे दागिने, धाकट्या बहिणीचे शिक्षण आणि साऱ्या घराचे धैर्य बुडते. म्हणून उद्योगाची कल्पना स्वस्तात पडताळून पाहण्याची रीत आपल्या तरुणांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

या रीतीला उद्योगजगतात ‘मिनिमम व्हायबल प्रॉडक्ट’ म्हणतात. अमेरिकी लेखक एरिक रीस यांच्या 2011 मधील ‘द लीन स्टार्टअप’ या ग्रंथामुळे ती जगभर पोहोचली. आम्ही तिला ‘प्राथमिक नमुना’ म्हणू. प्राथमिक नमुना म्हणजे अर्धवट किंवा निकृष्ट माल नव्हे. ज्या एका प्रश्नावर उद्योगाचे भवितव्य अवलंबून आहे, त्याचे उत्तर खऱ्या ग्राहकाकडून मिळवून देणारी वस्तूची सर्वांत साधी आवृत्ती म्हणजे प्राथमिक नमुना. अमेरिकेत 1999 मध्ये निक स्विनमर्न यांना प्रश्न पडला होता : लोक इंटरनेटवरून पादत्राणे घेतील काय? त्यांनी गोदाम भरले नाही. दुकानांतील जोड्यांची छायाचित्रे संकेतस्थळावर ठेवली आणि मागणी आल्यावर त्याच दुकानांतून जोडे विकत घेऊन पाठविले. त्यातूनच पुढे ‘झॅपोस’ ही कंपनी उभी राहिली.

महाराष्ट्राच्या इतिहासातही याचा धडा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे कडबा कापण्याचे यंत्र बनविले आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 मध्ये उभा राहिला, तो ही परीक्षा पार पडल्यावर. वस्तू चांगली असणे आणि ती खपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आपल्यासाठी आणखी एक पडताळणी आवश्यक असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बडोद्याची नोकरी सोडल्यानंतर मुंबईत शेअर व्यवहारांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या विद्वानाचा तो सल्ला होता. तरी सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहकांनी पाठ फिरविली. येथे वस्तूत दोष नव्हता, दोष बाजाराच्या मनात होता. असा अडथळा आजही कोठे खाद्यपदार्थाच्या व्यवसायात, कोठे दुकानाचा गाळा भाड्याने घेताना समोर येऊ शकतो. तो कर्ज काढण्यापूर्वी कळला, तर गिऱ्हाईक बदलता येते, गाव बदलता येते किंवा विक्रीची पद्धत बदलता येते. कर्ज काढल्यावर कळला, तर हप्ता मात्र थांबत नाही.

आता आपल्या परिसरातील उदाहरण घेऊ. टोमॅटो वाळवून विकण्याची कल्पना अनेकांना सुचते. टोमॅटोत सुमारे 94 टक्के पाणी असते. म्हणजे 100 किलोपासून जेमतेम 6 ते 7 किलो वाळवण मिळते, एका किलोला सुमारे 15 किलो टोमॅटो लागतात. भाव किलोला 10 रुपये असेल तर कच्चा मालच 150 रुपयांचा, 40 रुपये असेल तर 600 रुपयांचा. जुलै 2023 मध्ये टोमॅटोने शंभरी ओलांडली होती, तेव्हाचा हिशेब 1,500 रुपयांवर जातो. एवढी गोष्ट कागद-पेन्सिलीनेच समजते. तिला एक रुपयाही लागत नाही.

त्यानंतर यंत्र घेऊ नये. 30 किलो टोमॅटो स्वच्छ जाळीखाली उन्हात वाळवावेत. 50 ग्रॅमची सुमारे 40 पाकिटे होतील. अन्नपदार्थ विकण्यासाठी लागणारी नोंदणी करून ती महामार्गावरील हॉटेले, वसतिगृहांच्या खानावळी आणि नोकरदार कुटुंबे अशा तीन प्रकारच्या ग्राहकांना विकावीत. फुकट वाटू नयेत. नातेवाइकांची स्तुती हा पुरावा नव्हे. पैसे मोजून घेतलेले पाकीट हा पुरावा, आणि तोच ग्राहक दुसऱ्यांदा आला तर तो अधिक बळकट पुरावा.

किती ग्राहक परत आले तर पुढे जायचे आणि किती रुपये खर्ची पडल्यावर थांबायचे, हे दोन्ही आकडे आरंभीच वहीत लिहून ठेवावेत. उत्साहाच्या भरात माणूस आकडे आपल्या बाजूने वाकवितो. वहीतील शाई वाकत नाही. पडताळणी यशस्वी झाल्यावरही पहिले पाऊल लहान असावे. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंतचे कर्ज मिळते, तेवढ्यावर दुसरी फेरी करता येते.

ऐकीव गोष्टींवर, परंपरेवर किंवा केवळ कोणाच्या मोठेपणावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. जुन्नरच्या लेण्यांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याचा आणि पाण्याच्या टाक्याचा शिलालेख आहे. व्यापार आणि धम्म या भूमीत परस्परांना परके नव्हते. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी उद्योगात अवश्य उतरावे; मात्र आईचे दागिने गहाण ठेवण्यापूर्वी 40 पाकिटे विकून पाहावीत.