भावफलकावर मजकूर चढविण्याची रीत

लातूर व नांदेड येथील बाजारांत सोयाबीन, तूर अगर हरभरा घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्यास त्या दिवसाचा खरा भाव प्रथम कळला पाहिजे. पूर्वी भाव खडूने फळ्यावर लिहीत; हल्ली ठिकठिकाणी विजेच्या दिव्यांचे फलक दिसू लागले आहेत. फलक टांगणे सोपे आहे. त्यावर योग्य मजकूर वेळेवर चढविणे हे खरे काम होय. फलक लावू इच्छिणाऱ्या संस्थांस उपयोगी पडावी म्हणून त्याची माहिती येथे देत आहोत.

प्रथम फलकाचे माप पाहावे. साध्या फलकांत बहुधा पी-10 जातीच्या पट्ट्या असतात. एका पट्टीत रुंदीस 32 व उंचीस 16 ठिपके असून ठिपक्याठिपक्यांत 10 मिलिमीटर अंतर असते. चार पट्ट्या शेजारी जोडल्या म्हणजे 128 ठिपक्यांची एक ओळ होते. आपल्या लिपीस वर वेलांटी व खाली उकार यांसाठी जागा लागते. ओळ उंचीस अपुरी पडून ऊकार कापला गेला, तर 'तूर' हा शब्द 'तर' असा वाचला जातो! म्हणून मजकूर थोडका ठेवून अक्षर मोठे घ्यावे.

दुसरी अडचण जोडाक्षरांची. काही नियंत्रकांत 'क्विंटल' सारख्या शब्दाची अक्षरे तुटून पडतात. जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर तर निरर्थक चिन्हांसारखा उमटतो. यास्तव मजकूर युनिकोडमध्ये लिहून, फलकाच्या मापाचे चित्र करून तेच पाठविणे सुरक्षित असते.

पाठविण्याचे मार्ग तीन आहेत. पेनड्राइव्ह नियंत्रकास लावणे हा पहिला. यास इंटरनेट लागत नाही, परंतु प्रत्येक बदलास माणूस फलकापाशी जावा लागतो. दुसरा, कचेरीतील संगणकापासून तारेने अगर वायफायने. तिसरा, नियंत्रकात सिमकार्ड घालून इंटरनेटद्वारे. यात दूर बसूनही भाव बदलता येतो.

येथे एक मोठा धोका ध्यानात ठेवावा. नियंत्रक मजकूर स्वतःजवळ साठवितो. त्यामुळे इंटरनेट तुटले तरी फलक विझत नाही. कालचाच भाव आज तितक्याच तेजाने दाखवितो. भाव दोनशे रुपयांनी चढला असता जुना आकडा पाहून वीस क्विंटल माल विकणाऱ्याचे चार हजार रुपये बुडतात. यास उपाय असा की, प्रत्येक भावाबरोबर तारीख व वेळ चढवावी आणि ठराविक मुदतीत नवी नोंद न आल्यास जुनी आपोआप निघून जाईल अशी योजना करावी. नियंत्रकातील घड्याळाची बारीक बॅटरी संपल्यास ही योजनाही चुकते. तीही वेळोवेळी तपासावी.

फलकावर आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त व सर्वसाधारण दर हे चारही आकडे असावेत. एकटा जास्तीत जास्त दर दाखविल्यास एखाद्या उत्तम ढिगाचा भाव साऱ्या बाजाराचा वाटतो. शेजारी हमीभाव द्यावा. 2025-26 च्या हंगामासाठी तो सोयाबीनास क्विंटलमागे 5328 व तुरीस 8000 रुपये ठरविण्यात आला.

मजकूर चढविल्यावर एकाने आवारात उभे राहून तो मोठ्याने वाचावा व दुसऱ्याने नोंदवहीशी ताडून पाहावा. फलकावर तारीख व वेळ नसेल, तर तो आकडा प्रमाण न मानता सभासदांनी कचेरीत चौकशी करूनच मालाचा सौदा करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.