जर्मन लोहमार्गांवरील तपासणी-गाड्या व त्यांचे निरीक्षक

जर्मनीतील प्रवासी गाड्यांच्या वेळा वेळापत्रकात सापडतात. रुळांची तपासणी करणाऱ्या गाड्यांच्या सापडत नाहीत. प्रवाशांशी त्यांना कर्तव्य नसल्यामुळे त्या केव्हा व कोणत्या मार्गाने जातील हे जाहीर होत नाही. फलाटाच्या टोकाशी वही व कॅमेरा घेऊन उभ्या राहणाऱ्या रेल्वेप्रेमींना त्यांचे विशेष आकर्षण वाटते ते ह्यामुळेच. अशा छांदिष्टांना जर्मन भाषेत ‘पुफरक्युसर’, म्हणजे बफरांचे मुके घेणारे, असे थट्टेचे नाव आहे. परंतु इंजिनाचा क्रमांक, डब्यांचा क्रम, दिशा व वेळ एवढे जरी त्यांनी टिपले असेल, तरी जाणत्यास त्यांतून पुष्कळ वाचता येते.

क्रमांकापासून आरंभ करणे सोयीचे. पश्चिम जर्मनीच्या रेल्वेने १९६८ मध्ये संगणकास सोयीची क्रमांकपद्धती स्वीकारली. तीत पहिला अंक वाहनाची जात सांगतो : १ म्हणजे विजेचे इंजिन, २ म्हणजे डिझेलचे, आणि ७ म्हणजे रेलबस किंवा रेल्वेच्या स्वतःच्या कामासाठी राखलेले स्वयंचलित वाहन. सत्तरच्या दशकात जुन्या रेलबसगाड्यांचे रूपांतर करून बनविलेली ७२५/७२६ ही मोजणी-गाडी व पोलादाचे अंतरंग तपासणारी ७१९ ही गाडी, दोन्ही ह्या शेवटच्या गटातील होत.

ह्या दोहोंची कामे मात्र अगदी भिन्न आहेत. पहिल्या प्रकारची गाडी मार्गाची भूमिती मोजते : दोन रुळांतील १४३५ मिलिमीटरांचे अंतर राखले गेले आहे की नाही, रूळ आडव्या वा उभ्या दिशेने वाकला आहे काय, आणि थोड्या अंतरात एका रुळाची उंची दुसऱ्याच्या मानाने किती बदलते. ह्या शेवटच्या दोषास ‘पीळ’ म्हणता येईल. तो सर्वांत घातक, कारण पीळ वाढला म्हणजे एका चाकावरील भार हलका होऊन ते रुळावर चढू शकते. ही मोजणी मोकळ्या रुळावर करून भागत नाही. एखादा स्लीपर खडीवर टेकलेला नसून रुळाला नुसता लटकलेला असतो. चाकाचे वजन पडेपर्यंत त्याचे बिंग फुटत नाही. म्हणूनच मोजणी भारित चाकांखाली करावी लागते. दुसऱ्या प्रकारची गाडी रुळावर पाणी सोडून त्यातून श्राव्यातीत ध्वनिलहरी पोलादात पाठविते व आतील तड्यांवरून परतलेला प्रतिध्वनी टिपते. पृष्ठभागाजवळच्या बारीक भेगांसाठी आवर्तप्रवाहांचा उपयोग केला जातो.

स्वतःचे यंत्र नसलेले मोजणी-डबे असतील तर ते ओढण्यास इंजिन लागते, आणि निरीक्षकांचा खरा जीव तेथेच गुंततो. ताशी २०० किलोमीटर वेगासाठी बांधलेली १०३ वर्गाची इंजिने नियमित प्रवासी सेवेतून गेल्यावरही त्यांतील काही चाचणी-फेऱ्यांसाठी राखली गेली. १२० वर्गातील काहींच्या वाट्यासही हेच काम आले. विजेच्या तारांखालून २१८ वर्गाचे डिझेल इंजिन मोजणी-डबे नेताना दिसले, तर फेरी पुढे तारा नसलेल्या एखाद्या शाखेवर वळणार असावी, असा तर्क करता येतो. तो तर्कच होय. पुढच्या स्थानकावरील नोंद मिळेपर्यंत त्यास पुरावा म्हणू नये.

ह्या नोंदींची मर्यादा किती गंभीर आहे, हे ३ जून २०२२ रोजी गार्मिश-पार्टेनकिर्शेनजवळच्या अपघाताने दाखविले. तेथे प्रादेशिक गाडी घसरून पाच माणसे मृत्यू पावली. तपासात काँक्रीटचे सदोष स्लीपर हे कारण पुढे आले. त्यानंतर देशभर स्लीपरांची विशेष तपासणी व बदली करावी लागली. रुळाची भूमिती मोजणाऱ्या यंत्रास काँक्रीटच्या आत चाललेला बिघाड थेट दिसत नाही. मोजणी-गाडी अमुक दिवशी गेली, ह्या नोंदीवरून मार्ग मोजला गेला एवढेच कळते. तो निर्दोष ठरला असे नव्हे.

मोजणीचे निष्कर्षही निरीक्षकाच्या हाती येत नाहीत. त्याचा एक अप्रत्यक्ष माग तेवढा रुळांच्या कडेला मिळू शकतो : त्रिकोणी पिवळी पाटी. तीवरील आकड्याच्या दसपट, इतका ताशी किलोमीटरांत पुढील भागातील तात्पुरता कमाल वेग असतो. गाडी जाऊन गेल्यानंतर अशी पाटी नव्याने उभी राहिली, तर तिची तारीखही वहीत असावी. अर्थात जवळपास दुरुस्तीचे काम चालू असेल, तर त्याचीही नोंद सोबत हवी.